छान कोमट

आमच्या गल्लीत तिला तोंडावर सगळे आत्या म्हणत आणि तिची पाठ फिरली की इस्त्री. सारा जन्म एका मोठ्या लॉजच्या धुलाईघरात गेला, हे त्या नावाचं सभ्य कारण. खरं कारण असं, की समोर आलेल्या माणसाला सपाट केल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. डॉक्टरला ती म्हणे, "तुमचा खोकला आधी बरा करा, मग माझं बघू." नव्या नवरीला म्हणे, "फोटोत बरी दिसली होतीस."

तिचे हात हा गल्लीतला एक तमाशाच होता. उकळतं पातेलं ती फडक्याशिवाय उचले. दूध उतू आलं तर गॅस बंद करायच्या आधी भांडंच काढून घेई आणि बघणाऱ्यांकडे अशी पाही, की काय ही नाजूक जात. लोक म्हणत, हात लोखंडाचे आहेत. ते लोखंडाचे वगैरे काही नव्हते. फार वर्षांपूर्वी धुलाईघरातला वाफेचा पाइप फुटला आणि तिचे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजून निघाले. कातडी परत आली, जाणीव आली नाही. बर्फ ठेवा नाहीतर निखारा ठेवा, तिला सगळं सारखंच. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. उणेपण लपवायचं तर त्याचा पराक्रम करून मिरवावा, एवढी अक्कल तिला होती.

तिचा धाकटा भाऊ टेलर. मापं घ्यायची, कापायचं, शिवायचं आणि घरी येऊन दोन बायकांच्या मध्ये गप्प बसायचं, हा त्याचा दिनक्रम. बायको वीज कंपनीच्या कचेरीत, तक्रारीच्या खिडकीवर. दिवसभर लोक काचेच्या भोकातून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि ही "तुमची तक्रार नोंदवली आहे" म्हणून पुढच्याला बोलवी. भुवई हलत नसे. गल्लीनं तिचं नाव खिडकी ठेवलं, आणि खोटं कशाला बोला, ते नाव अगदी चपखल बसलं होतं.

खिडकीचे दिवस भरत आले तेव्हा तिला माहेरचं कुणी उरलं नव्हतं. टेलर बहिणीला म्हणाला, "ताई, थोडे दिवस येशील का?" ताई 'थोडे दिवस' हे शब्द ऐकायला थांबलीच नाही. तिनं नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली आणि ट्रंक घेऊन भावाच्या दोन खोल्यांत दाखल झाली. आता तिला परत जायला जागा नव्हती. बाळाची अंघोळ जोवर तिच्या हाती, तोवर त्या घरात तिचा कोपरा. हे तिला कळत होतं, खिडकीलाही कळत होतं. टेलरला फक्त काजं आणि बटणं कळत होती.

अंघोळ मात्र ती अशी घालायची, की बघत राहावं. नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत तिनं बाळाला टबात घातलंच नाही, ओल्या फडक्यानं एकेक अवयव उघडा करून पुसायचा आणि लगेच झाकायचा. गळल्यावर टब आला. आधी खिडक्या-दारं बंद. टॉवेल, लंगोट, झबलं हाताशी उलगडून ठेवलेलं, म्हणजे ओलं बाळ घेऊन कपाटाकडे धावायला नको. टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि खोली चार बोटं. डोळे कापसाच्या बोळ्यानं, नाकाकडून कानाकडे, दुसऱ्या डोळ्याला दुसरा बोळा. मान तिच्या मनगटावर आणि बोटं पलीकडच्या काखेत अशी अडकलेली, की बाळ साबणानं माखलं तरी निसटणार नाही. दाराची बेल वाजो, फोन वाजो, ती हलत नसे. "बेल काय बुडून मरणार आहे?" म्हणायची.

पाण्याचा अंदाज घ्यायची वेळ आली की हाक यायची, "चल गं, कोपर घाल."

खिडकीनं बाही सरसावून कोपर टबात घालायचं.

"काय म्हणतंय?"

"जरा गरम आहे, वन्सं."

"जरा म्हणजे किती? तुझ्या कचेरीसारखं मोघम नको बोलूस. बोटांना कळत नसतं, कोपराची कातडी खरं बोलते. मी नसले तर काय करशील? म्हणून शिकवतेय."

मग ती गार पाणी ओते, पुन्हा कोपर, पुन्हा उलटतपासणी. "छान कोमट आहे, वन्सं," एवढं ऐकल्यावर इस्त्री स्वतःचा हात पाण्यात फिरवून मान डोलावे आणि मगच बाळाला आत सोडे. भेटायला आलेल्या बायकांना वाटे, काय बाई शिकवते. शिकवणी वगैरे काही नव्हती. ज्या पाण्यात ती बाळाला ठेवत होती त्याचा तिला पत्ताच लागत नव्हता. भावजयीचं कोपर हाच तिचा हात होता, आणि तो ती शिव्या घालत वापरत होती.

शिव्यांना तर ऊत आला होता. एकदाच, टबाच्या अगदी पहिल्या आठवड्यात, खिडकीनं बाळ टबात धरलं आणि तिचा हात साबणावरून सटकला. बाळाच्या नाकात थेंबभर पाणी गेलं, शिंक आली, संपलं. इस्त्रीनं बाळ हिसकून घेतलं आणि ती शिंक गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचवली. "पोटात ठेवलं नऊ महिने, हातात चार मिनिटं ठेवता येईना." त्या दिवसापासून आईला टबात हात घालायची बंदी. कोपर तेवढं चालेल. दूध कमी येतं, तेही साऱ्यांना सांगून झालं. कुणी बघायला आलं की इस्त्री बाळाला पुसता पुसता त्याच्याशीच बोलायची, "तक्रार आहे का बाळा? आईकडे अर्ज कर. ती नोंदवून ठेवील."

बायका हसायच्या. खिडकी टॉवेल धरून उभी. भुवई हलत नसे.

पण तक्रारीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली कळते. विचारणारा परीक्षा घ्यायला विचारतोय, की त्याला ठाऊक नाही म्हणून विचारतोय. एके सकाळी खिडकीनं उत्तर द्यायला उशीर केला. काही मनात नव्हतं, जांभई आली होती. इस्त्रीचा उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात, डाव्या हातावर बाळ, आणि तरी ती थांबली होती. "सांग की," ती म्हणाली. आवाजात दरारा नव्हता. नेहमी असायचा तिथं काहीतरी दुसरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी नीट कोमट होतं तेव्हा खिडकी म्हणाली, "गरम आहे, वन्सं." इस्त्रीनं गार ओतलं. "अजून थोडं." अजून ओतलं. टबात आता विहिरीचं पाणी बरं म्हणावं अशी गत, आणि इस्त्री त्यात हात फिरवून म्हणते, "हं, आता येतंय वळणावर." खिडकीनं मग स्वतःच "जास्त झालं वाटतं" म्हणून गरम पाणी मागून घेतलं. बाळाची अंघोळ रीतसर झाली.

त्याच दिवशी नवऱ्याला सांगता आलं असतं. वन्संच्या हाताला कळत नाही, उद्यापासून पाणी मी बघते, बाळ त्या धरतील. चार शब्दांचं काम. दोघींनी मिळून मूल वाढवलं असतं. पण चार शब्दांनी इस्त्री वाचली असती, आणि खिडकीला ती वाचायला नको होती. तिनं रविवारची वाट पाहिली.

रविवारी टेलर घरी असतो. शिवाय कोपऱ्यावरची औषधवाली बाळाला बघायला येणार होती, आणि तिला काही दाखवलं की ते औषधाच्या पुडीबरोबर घरोघर जातं, हे काय मी सांगायला हवं? खिडकी म्हणाली, "वन्सं, आज पाणी मी काढते, तुम्ही पाहुण्यांशी बोला." इस्त्री खूश. टेलरची अंघोळ नुकतीच आटोपली होती, न्हाणीत आधीचीच वाफ कोंडलेली. टबातून काय निघतंय ते कुणाला दिसणार?

औषधवाली दारात स्टूल टाकून बसली. इस्त्री बाळाला घेऊन आली.

"बघा हं, आमच्या विद्यार्थिनीची परीक्षा. घाल गं कोपर."

खिडकीनं बाही वर केली आणि कोपर पाण्यात घातलं. ठेवलं. औषधवाली सांगते, तिनं एक पूर्ण श्वास घेण्याइतका वेळ ते आत ठेवलं होतं. चेहरा असा, की समोर कुणी बिलाची चौकशी करतंय.

"छान कोमट आहे, वन्सं."

"नक्की? मागाहून अर्ज चालणार नाही."

"नक्की."

इस्त्रीनं प्रेक्षकांसाठी स्वतःचा हात घातला, गोल फिरवला, मान डोलावली. "पास. शिकतेय हळूहळू. दगडालाही पाझर फुटतो, म्हटलं हिला का नाही फुटणार." आणि ती वाकली. बाळाची पावलं पाण्यापासून बोटभर राहिली असतील, तेव्हा खिडकीनं खालून दोन्ही हात घालून बाळ उचलून घेतलं. इतक्या बेतानं, की ती केव्हापासून हात तयार ठेवून होती हे कुणालाही कळलं असतं, लक्ष असतं तर.

"ताई, तुम्ही जरा बोट घालून बघता का?" ती औषधवालीला म्हणाली.

औषधवालीनं बोट घातलं आणि पदरात लपेटलं. "अगं, याच्यात चहा होईल."

टेलरला हाक गेली. त्यानं बोट घातलं, मग बहिणीकडे पाहिलं. तिचा हात अजून पाण्यातच होता. काढायचं तिला सुचलं नव्हतं.

"ताई, तुला कळलं नाही?"

आता बघा, इस्त्रीकडे उत्तर होतं. हिनंच सांगितलं कोमट म्हणून, एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार होता, मग तुझा हात काय करत होता? आणि त्याच्याही पुढचा, रोज काय करत होता? कारण एक गोष्ट तिलाही चुकवता येत नव्हती. रोज सकाळी ती भावाचं मूल न कळणाऱ्या पाण्यात सोडत होती, आणि तेही ज्या बाईला तिनं उभ्या गल्लीसमोर सोलून काढलं होतं, तिच्या शब्दावर. तिनं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं शांतपणे तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीनं मिठाची गुळणी धरली.

"माझंच लक्ष गेलं म्हणून," खिडकी म्हणाली. "वन्संचं वय झालंय. त्यांना बोलू नका कुणी."

यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं.

टेलर काही बोलायच्या आधी सवयीनं बायकोच्या बाहीकडे बघत होता. शिवणाऱ्याची नजर, बाही नीट बसली नाही की तिथंच जाते. खिडकीनं बाही घाईनं खाली ओढली होती, ती ओल्या कातडीला चिकटली होती आणि कोपराच्या खाली तांबडीलाल रेघ दिसत होती, पाणी जिथवर पोचलं तिथवर. त्यानं ती रेघ पाहिली. बायकोनं त्याला पाहताना पाहिलं. टेलर पुढे झाला, बाहीचं बटण लावलं आणि बहिणीला म्हणाला, "ताई, उद्यापासून बाळाला हीच घालील अंघोळ. आणि तुझ्यासाठी एखादी खोली बघू आपण. इथं तुलाही दगदगच होते."

संध्याकाळी तो औषधवालीच्या दुकानात गेला. भाजल्यावरचं मलम हवं होतं.

"बाळाला?"

"नाही, नाही. माझ्या दुकानात. वाफ लागली."

औषधवालीनं त्याची दहाही बोटं निरखून पाहिली. एकावरही डाग नव्हता. तिनं मलम दिलं आणि सुटे मोजत म्हणाली, "पातळ लावायचं. आणि चोळू नकोस म्हणावं तिला."

"सांगतो," टेलर म्हणाला आणि पायरीवर येऊन थांबला. मागं वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत गल्लीला सगळं ठाऊक होतं आणि गल्लीनं कुणाचीच बाजू घेतली नाही. अशा वेळी बाजू घेतली की मजा जाते.

घरी इस्त्री ट्रंक आवरत होती. भावाच्या हातातलं मलम तिनं काढून घेतलं, झाकण फिरवलं आणि खिडकीसमोर जाऊन बसली. बाळ बाजूला झोपलेलं.

"दाखव कोपर."

"राहू द्या वन्सं, मी लावीन."

"स्वतःच्या कोपराला स्वतःला लावता येत नाही. दाखव."

टेलर उंबऱ्यात उभा होता. खिडकीनं बटण काढलं आणि हात पुढे केला. टरारून फोड आले होते. इस्त्रीनं बोटभर मलम घेतलं आणि चोळायला सुरुवात केली. धुलाईघरात चादरीवरचा डाग काढतात तशी, अंगठ्याचा जोर देऊन, सावकाश, एकही जागा न सोडता. एक फोड फुटला. खिडकीची भुवई हलली नाही.

"दुखलं तर सांग हं," इस्त्री म्हणाली. "माझ्या हातांना कळत नाही."

"नाही दुखत, वन्सं."

"बरं," इस्त्री म्हणाली आणि आणखी मलम घेतलं.