मामाच्या नावापुढचे शब्द

राजापेठेतल्या आमच्या क्लासचे सर म्हणायचे, "डिक्शनरी पाठ करून काही होत नाही. शब्दाले माणूस चिकटवा." बँकेच्या परीक्षेतला इंग्रजीचा पेपर म्हणजे काय विचारता! त्यातले निम्मे शब्द आमच्या अंजनगाव सुर्जीत कोणी जन्मात तोंडातून काढले नसतील. सरांची पद्धत मात्र सोपी होती. वहीत डावीकडे शब्द लिहायचा, मधे अर्थ, आणि उजवीकडे आपल्याच घरातला असा माणूस, ज्याला तो शब्द नेमका बसतो. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "चांगल्या गुणानं शब्द ध्यानात राहत नाही. खोड पाहा, खोड."

खोडींना आमच्याकडे काय तोटा! गॅर्युलस म्हणजे बडबड्या, तिथे मोठी आई. ग्लटन म्हणजे खादाड, तिथे धाकटा भाऊ. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं, तिथे अगदी प्रामाणिकपणे मी स्वतः.

शनिवारी टेस्ट असायची. सर शब्द टाकायचे आणि आपण उभं राहून अर्थ नाही, माणूस सांगायचा. वर्गात एक लग्न झालेली मुलगी होती, तिच्या सासूनं एकटीनं अख्खी वही भरून काढली होती. ती बाई आम्ही कधी पाहिली नाही, पण बाजारात दिसली असती तर ओळखली असती. एकदा एका मुलीचे वडील तिला घ्यायला आले. सरळसाधा माणूस, दारात चप्पल काढून उभा. वर्ग एकदम चिडीचूप झाला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "गलिबल." गलिबल म्हणजे कोणीही यावं आणि फसवून जावं असा. त्या बिचाऱ्यानं आवाजाच्या दिशेला हात जोडून नमस्कार केला.

क्लाससाठी गावाहून येऊन मी राहायचे मामाकडे, क्लासच्या मागच्याच गल्लीत. मामा अकोल्याच्या एका सरकारी ऑफिसात मोठे बाबू होते. रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अपडाऊन करायचे, आणि निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मामा भांडले नाहीत असा माणूस मला दोन वर्षांत दिसला नाही. भाजीवाला, गॅसवाला, गाडीतला शेजारी, कोणीही चालायचं. टीव्हीवरची बाई पाऊस सांगायची तेव्हा ते तिच्याशीही भांडायचे, "काल काय सांगतलं होतं तुनं?" तेव्हा माझ्या वहीत त्यांच्या वाट्याला किती शब्द आले असतील याचा अंदाज करा. पान उलटलं की मामा, मामा, मामा. हट्टी तिथे मामा, चिडका तिथे मामा, शंकेखोर तिथे मामा. आणि या सगळ्यांत लांबलचक शब्द होता कॅन्टँकरस. म्हणजे भांडखोर, किरकिऱ्या, ज्याचं कोणाशी पटत नाही असा. तो लिहिताना मला माणूस शोधायला एक सेकंद लागला नव्हता.

उजवीकडे जागा रिकामी राहिली होती ती एकाच शब्दापुढे. मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाचा, आपला अपमान गिळून दुसऱ्याला माफ करणारा. सरांनी वही तपासताना विचारलं, "इथं माणूस काहून नाही?"

"नाही भेटला सर."

"अख्ख्या खानदानात?"

"आमचं खानदान वावराच्या धुऱ्यावरून, वीतभर बांधासाठी भांडणारं आहे सर."

सर म्हणाले, शोध. मी शोधणार होते, पण वर सांगितलंच की प्रोक्रॅस्टिनेटपुढे कोणाचं नाव होतं.

एका रविवारी जेवण झाल्यावर मी भांडी घासून हात पुसत बाहेर आले, तर मामा बनियनवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माझी वही घेऊन बसलेले.

"काय वं, ह्या इंग्रजीपुढं जागोजागी मामा काहून लिहिलं?"

"पाठ व्हावं म्हणून. आपल्या आवडत्या माणसाचं नाव लिहिलं की शब्द लक्षात राहतो, असं सर म्हणतात."

मामांचा चेहरा असा खुलला की मलाच कसंतरी झालं. मधला अर्थाचा रकाना मी नशिबानं इंग्रजीत लिहिला होता, आणि मामांचं इंग्रजी सरकारी पत्रांपुरतं. त्यांनी बोट फिरवत फिरवत सगळ्यांत लांब शब्दावर ठेवलं. "हा कोणता? क्यान... क्यानटँ..."

"कॅन्टँकरस," मी म्हटलं. आणि पुढे तोंडाला येईल ते बोलून मोकळी झाले. "म्हणजे करारी. तत्त्वासाठी कोणापुढे न वाकणारा."

त्यांनी तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि खिशातल्या डायरीत उतरवला. फोनवर शोधून पाहायला काय लागतं? पण मामांचा फोनवर विश्वास नव्हता. भाचीवर होता.

दुसऱ्या दिवशीपासून शब्द कामाला लागला. सकाळी दारात मेथीवाल्याला ऐकवलं, "पाह्य, मी कॅन्टँकरस माणूस हाय, मले सडकी जुडी चालत नाही." गॅसवाल्याला फोनवर ऐकवलं, शेजारच्या काकांना पाण्याच्या नळावरून ऐकवलं. मी आत उशीत तोंड खुपसून हसत होते. गंमत म्हणजे त्यांचा वापर दरवेळी शंभर टक्के बरोबर होता.

खरं सांगायचं तर मामांना त्या शब्दाची गरज होती, आणि ते मला तेव्हा कळायला हवं होतं. ऑफिसात दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले होते. वयानं मामांच्या निम्मे, मोठी परीक्षा पास होऊन आलेले, इंग्रजीतच शिंकणारे. त्यांनी मामांच्या एका इंग्रजी पत्रावर सगळ्या बाबूंसमोर लाल पेनानं गोल गोल काढले होते. मामांनी ते जेवताना एकदाच सांगितलं, हसत हसत, आणि त्या दिवशी ते मामीशी वरणावरून भांडले नाहीत. एवढंच काय ते वेगळं.

महिनाअखेर आली. निरोपाचा कार्यक्रम दुपारी ऑफिसच्या सभागृहात होता. मामा नेहमीच्या गाडीनं पुढे गेले, मी आणि मामी मागून. मामी म्हणजे माझ्या वहीतली टॅसिटर्न, कामापुरतं बोलणारी, आणि काम तरी कुठे रोज असतं! गाडी सुटल्यावर तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला.

"मानपत्राची कॉपी हाय. वाचून पाह्य."

त्या ऑफिसात ज्याचा निरोप असेल त्याचं मानपत्र इतकी वर्षं मामाच लिहायचे. आता मामांचाच निरोप, लिहिणार कोण? त्यांनी स्वतःच लिहून टाईप करून दिलं होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "स्पष्टवक्ते, कर्तव्यदक्ष आणि कॅन्टँकरस असे हे व्यक्तिमत्त्व."

"बाप्पा!" मी ओरडलेच. "मामी, हे वाचणार कोण?"

"सायेब."

"आता बदलता येईल?"

"फ्रेम झाली."

मी मामीला सगळं सांगून टाकलं. वही, सरांची पद्धत, माझी थाप, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ भांडखोर. मामीनं कागदाची पुन्हा घडी करून तो पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "बरोबर तर हाय."

मी फोन लावत सुटले. पण मामा ऑफिसच्या वेळात घरचा फोन उचलत नसत, निवृत्तीच्या दिवशीही नाही. मला रडू यायला लागलं. त्या साहेबानं एकदा गोल काढले तेच मामांना इतके बोचले होते, आणि आता भर सभेत, शाल अंगावर असताना, तोच साहेब मामांच्याच हातचा हा शब्द वाचणार. साहेबाला अर्थ माहीत असणारच, तोही असलीच वही घोकून आलेला. इतक्या वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मी त्याचा तमाशा करून ठेवला होता.

अकोला स्टेशनवरून ऑटो केला. सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या, टेबलावर ती फ्रेम सोनेरी काठासकट उभी होती. मामा मागच्या बाजूला पाण्याच्या जारजवळ उभे होते, नवीन शर्ट, कपाळाला टिळा.

"मामा, मी खोटं सांगितलं," मी एका दमात म्हटलं. "कॅन्टँकरस म्हणजे करारी नाही. भांडखोर. किरकिऱ्या. तुमी म्हणा की फ्रेम फुटली, काहीही म्हणा, पण ते वाचू देऊ नका."

मला वाटलं आता आभाळ कोसळेल. बोंबा मारतील, सगळ्यांसमोर झाडतील. तेही चाललं असतं. मामांनी बाहीचं बटन लावलं आणि विचारलं, "आन् बाकीचे? माह्या नावापुढचे?"

"तेही तसेच."

"सारे?"

"सारे."

"इतक्या शब्दांत एक चांगला नाही भेटला वं तुले माह्यासाठी?"

सरांचा खोडीचा नियम सांगता आला असता. पण मला स्वतःची इतकी लाज वाटली की पायाखालची फरशी पाहत उभी राहिले. तेवढ्यात माईकवरून मामांचं नाव पुकारलं आणि ते स्टेजवर गेले, मी तिसऱ्या रांगेत मामीशेजारी.

शाल झाली, श्रीफळ झालं. साहेबांनी फ्रेम हातात घेतली आणि वाचायला सुरुवात केली. "स्पष्टवक्ते, कर्तव्यदक्ष आणि..." इथे ते थांबले. चष्मा वर सरकवला, मामांकडे पाहिलं, पुन्हा फ्रेमकडे. आणि मग, त्या माणसाचं भलं होवो, हळूच म्हणाले, "...आणि असे हे व्यक्तिमत्त्व." शब्द गाळला त्यांनी! माझा जीव भांड्यात पडला.

तर मामा खुर्चीवरून उठले. "सायेब, एक शब्द राह्यला."

साहेब माईकवर हात ठेवून कुजबुजले, पण तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. "बाबूजी, त्याचा अर्थ तुम्हाला..."

"मालूम हाय. वाचा."

साहेबांनी वाचला. सभागृहात कोणालाच काही कळलं नाही, दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मामांनी माईक स्वतःकडे ओढला.

"ह्या शब्दाचा अर्थ भांडखोर," ते म्हणाले. "माह्या भाचीनं काढला हा. थे पाहा, तिसऱ्या लायनीत बसून हाय. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिली. तिचं इंग्रजी आपल्या सायबाच्या तोडीचं हाय. तुमी सारे मले तोंडावर बाबूजी बाबूजी म्हणता, आन् पाठीमागं काय म्हणता थे का मले मालूम नाही? तिनं तोंडावर सांगतलं."

आधी साहेब हसले, मग सगळं सभागृह. मागून शिपाई उठून उभा राहिला. "बाबूजी भांडले म्हणून माह्यी दवाखान्याची रजा मंजूर झाली!" टायपिस्ट बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमच्या संडासाच्या दाराले कडी बसली ती बाबूजींच्या भांडणानंच." कोपऱ्यातून एक बाबू ओरडला, "माह्यासंग तर फुकटच भांडले होते!"

"तुह्यासंग आजही भांडीन!" मामा माईकवरूनच म्हणाले.

लोक मागे वळून वळून मला पाहत होते, टाळ्या वाजवत होते. मामांनी माझी थाप शब्दानंही सांगितली नव्हती. वर माझ्याच इंग्रजीची तारीफ केली होती, तीही त्या लाल पेनवाल्या साहेबासमोर. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मामीनं रुमाल दिला आणि म्हणाली, "पूस."

निघण्याआधी मामांनी फ्रेम मागून उघडून मानपत्राखाली साहेबांची सही घेतली. परतीच्या गाडीत मामा माझ्याशी बोलले नाहीत. फ्रेमला खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून मात्र एका प्रवाशाशी बडनेऱ्यापर्यंत भांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्यांदाच कुठलीही गाडी न पकडता ओसरीत बसून होते. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि ते पान उघडलं. त्यांनी पेपरच्या वरून पाहिलं.

"काय लिहून राहिली?"

"एका शब्दापुढे दोन वर्षांपासून माणूस भेटत नव्हता. मॅग्नॅनिमस."

"म्हणजे?"

"म्हणजे मोठ्या..."

"थांब. तू नको सांगू. डिक्शनरी आण."

मी आणली. मामांनी चष्मा पुसला, पानं उलटली, ओळीवर बोट ठेवून अर्थ वाचला. मग परत एकदा वाचला. डिक्शनरी मिटून मांडीवर ठेवली.

"हं," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. मग पानं मागे उलटून कॅन्टँकरस काढला आणि त्याच्यापुढचं मामा खोडायला पेन टेकवला, तर त्यांनी माझा हात धरला.

"थो राहू दे," मामा म्हणाले. "त्याच्यावर सायबाची सही हाय."