घडीव की ओतीव

माझा मामा क्लबाच्या दुरुस्तीच्या खोलीत गोल्फच्या स्टिक दुरुस्त करतो. त्याला सगळे लोणीमास्तर म्हणतात, कारण चांगल्या आयर्नबद्दल त्याच्याकडे एकच शब्द आहे. मी खोलीबाहेरच्या काउंटरवर चेंडू आणि हातमोजे विकतो, त्यामुळे तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आयर्न म्हणजे लोखंडी पात्याची स्टिक. पातं दोन तऱ्हांनी होतं. मऊ पोलाद तापवून, ठोकून आकार दिला की घडीव. कडक पोलाद वितळवून साच्यात ओतलं की ओतीव. जाणकार सांगतात, घडीवाने मारलं की चेंडू क्षणभर पात्याला बिलगतो आणि मग सुटतो. ओतीवाने मारलं की मनगटाला झिणझिण्या येतात. यावर आमची गिऱ्हाइकं तासन्‌तास वाद घालतात. तेवढा वेळ आपला चेंडू कुठल्या झुडपात गेला हा विषय टळतो.

मामासाठी मात्र तो फावल्या वेळचा वाद नव्हता. त्याचं खरं काम आयर्नची मान वाकवण्याचं. उंच माणसाला पातं जरा उभं लागतं, बुटक्याला जरा आडवं. पातं शिकंज्यात आवळायचं, मानेला पितळी दांडा अडकवायचा आणि ओढायचं. घडीव मुकाट्याने वळतो. ओतीव हट्टी. जरा जास्त ओढलं की मोडतो. म्हणून आधी कळायला हवं, समोर आहे ते काय. बाकीचे पात्यामागची अक्षरं वाचतात. मामा जाळीत एक चेंडू मारायचा आणि सांगायचा. "अक्षरं काय, कुणीही कोरतं," तो म्हणायचा. "तळहाताला फसवून दाखवा." आणि तो कधी चुकला नव्हता, हे कबूल करायला हवं.

गेल्या वर्षापासून त्याला सगळंच आवडायला लागलं. "हल्ली ओतीवसुद्धा काय झकास करायला लागलेत रे! अगदी लोणी." मला वाटलं, वयाबरोबर माणूस निवळतो. मामीचा अनुभव वेगळा होता. "दाराची बेल कोकलत असते, हे ढिम्म बसलेले. माझं जाऊ दे, माझं तर लग्नापासून कुठे ऐकलंय."

मग दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांचा सात नंबरचा आयर्न घेऊन आल्या. जुना होता, मागची अक्षरं घासून घासून गेली होती. मामाने जाळीत चेंडू मारला, मान डोलावली, म्हणाला, "घडीव. पाचच मिनिटं बसा." शिकंज्यात आवळला आणि नेहमीच्या बेफिकिरीने ओढला. मान मोडली, आणि पितळी दांड्यासकट मामा मागच्या कपाटावर जाऊन आदळला. आयर्न ओतीव होता. बाई समजूतदार, "जाऊ द्या, जुनाच होता," म्हणाल्या. मॅनेजर तेवढा समजूतदार नव्हता. आठवड्यात मामाने दुसऱ्याचाही एक मोडला, तेव्हा मॅनेजर खोलीत आला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही मुठीवरच्या रबरी ग्रिप बदलत जा. वाकवायचं काम आपण बाहेर देऊ."

मुख्य आचाऱ्याला भांडी घासायला बसवावं तसं झालं. मामा ग्रिप बदलायचा, पण खोलीतल्या शिकंज्याकडे पाठ करून.

मामीने त्याला ओढत नेऊन कान तपासून घेतले. निकाल सरळ होता: जाड आवाज ठीक येतात, बारीक, तीक्ष्ण आवाज गेलेत. चमचा फरशीवर पडला तरी याला कळणार नाही. म्हणजे ओतीव चेंडूवर आदळला की होणारा तीक्ष्ण टणका त्याला ऐकूच येत नव्हता, आणि टणका नसला की सगळेच आयर्न घडीव. मला तिथल्या तिथे उलगडा झाला. मामाला नाही.

"आवाजाचा काय संबंध? मी हाताने ओळखतो."

"मग मोडले कसे?" मामी म्हणाली.

"घेऊ दे क्लबवाल्यांना परीक्षा. कान बंद करून घेऊ दे."

"हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका हो."

पण ऐकेल तर मामा कसला. क्लबाचा कोच तयार झाला. त्याने दोन आयर्न घेतले, एक घडीव, एक ओतीव, दोन्हींवर मागून चिकटपट्टी लावली. गवत कापायच्या मशीनवाल्याचं कान झाकायचं जाडजूड झाकण मामाच्या डोक्यावर चढवलं. मामाने डोळे मिटून मारायला सुरुवात केली. घडीव, म्हणाला, होता ओतीव. पुढचं बरोबर. मग दोनदा चूक. मग बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढं जमलं असतं. कोचला गंमत वाटली. त्याने ते झाकण स्वतःच्या कानांवर घेतलं, मारून बघितलं, आणि तोही तसाच तोंडघशी पडला.

"मास्तर, कुणालाच कळत नाही हो!" तो हसत सुटला. "आपण उगीच हातांना मान देत होतो. सगळा कानांचा खेळ."

बिचारा धीर देत होता. मामा म्हणाला, "तुमचं ठीक आहे. कळतं असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात."

कानातलं यंत्र आलं. पहिले काही दिवस तो सगळ्या जगावर उखडलेला होता. किल्ल्या, कागद, माझं चिप्स खाणं, सगळं त्याच्या डोक्यात जायचं. मग हळूहळू ओतीवाचा टणका परत आला. तो अचूक सांगायला लागला. मॅनेजरने एकदा संधी द्यायचं कबूल केलं, आणि नेमका स्वतः दारात उभा राहिला.

गिऱ्हाईक लांबून आलं होतं. कुणीतरी मामाची कीर्ती सांगून पाठवलेलं. त्याने पिशवीतून आयर्न काढला आणि म्हणाला, "तुमच्या हातांचं फार ऐकलंय, मास्तर. हाताला कसा वाटतो तेवढं सांगा, मग मान वाकवून द्या."

मामाने एक चेंडू मारला. टणका मलासुद्धा काउंटरवर ऐकू आला. आता नेहमीचं बोल, म्हटलं, आणि सूट एकदाचा. मामाने कानातलं यंत्र काढलं, शिकंज्यावर ठेवलं आणि पुन्हा मारला. मग स्वतःचा उजवा तळहात बघत उभा राहिला.

"हाताला काहीच वाटत नाही," तो म्हणाला. ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाला. "कधीच वाटत नव्हतं. कान सांगायचे, मी हातांचं नाव करायचो."

गिऱ्हाईक मॅनेजरकडे बघायला लागलं. मला मामाचा भयंकर राग आला. एवढं खरं कुणी विचारलं होतं? यंत्र परत कानात घालून मामाने आयर्न त्याच्या हातात दिला. "ओतीव आहे. मी वाकवणार नाही, मोडेल."

ते गेलं. मॅनेजरने बाहेर पाठवायला बांधून ठेवलेले आयर्न आणून मामाच्या शिकंज्याशेजारी ठेवले. वाकवायचं काम मामाकडे परत आलं. त्या दिवसापासून तो ते चोख करतो, आणि हातांचा विषय काढत नाही. मला मात्र त्या हातांचं फार वाईट वाटतं. काम तर तेच करतात अजून.