ओरोसला न पोचलेला आवाज

वादळानंतरच्या मदतकामासाठी आमची तुकडी मालवणच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका गावात होती. मी सिग्नलमन. आता फौज सोडून कॉलेजात फिजिक्स शिकतो. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे समजावण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोबाइल टॉवर बंद होते. हातातले छोटे सेट डोंगरापलीकडे पोचत नव्हते. आमचा कंट्रोल ओरोसला, तीसेक किलोमीटरवर. त्याच्याशी एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओ सेटवर बोलायचं. दिवसा सात मेगाहर्ट्झ, रात्री साडेतीन. बदल १८३० वाजता, म्हणजे संध्याकाळी साडेसहाला, दोन्हीकडे एकदम. एकट्याने बदलायचं नाही. हे वेळापत्रक उन्हाळ्यात बनवलेलं. आम्ही नोव्हेंबरात होतो.

१७१० वाजता रस्त्यावरचं झाड कापताना खोड नाईक दिगंबर परब यांच्या मांडीवर आलं. रक्त थांबेना. आमची गाडी पडलेल्या झाडांपलीकडे अडकलेली, ओरोसकडचा रस्ता तेवढा मोकळा.

"कंट्रोल, कॅज्युअल्टी एक. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

नुसती खरखर. मध्येच फार दूरचा कुणी अनोळखी ऑपरेटर खणखणीत ऐकू यायचा. ओरोस नाही. अँटेना दोनदा तपासली, बॅटरी बदलली, सेटला शिव्या घातल्या.

स्ट्रेचरवरून परबदादा म्हणाले, "नारळ ठेव आणि गाऱ्हाणा घाल रे तुझ्या सेटाक."

"सेट लागतलो आता, दादा."

सुभेदारसाहेब म्हणाले, "रात्रीच्या फ्रीक्वेन्सीवर बघ."

"नियम नाही, साहेब. ते अजून सातवरच असणार."

साहेबांनी माझं ऐकलं.

कारण आता पुस्तकात वाचलं. आकाशात फार उंचावर एक थर असतो, तो रेडिओलहरी खाली परतवतो. ऊन कललं की तो विरळ होतो, आणि नोव्हेंबरात ऊन लवकर कलतं. मग जवळच्या ठिकाणासाठी उभी वर पाठवलेली सात मेगाहर्ट्झची लहर आरपार निघून जाते. तिरकी गेलेली दूर कुठेतरी उतरते. जवळ बोलायचं तर फ्रीक्वेन्सी उतरवावी लागते.

१८३० ला उतरवली. पहिल्याच हाकेला ओरोस बोललं.

"होतास कुठे? पावणेसहापासून इथे साडेतीनवरच हाका मारतोय!"

तिथल्या ऑपरेटरने नियम मोडला होता. मी पाळला होता.

दादा १९१५ ला गेले. अँब्युलन्स १९४० ला आली.

पुढे त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या आई भात वाळवत होत्या.

"ओरोस कितक्या लांब रे थयसून?"

"तीस किलोमीटर, काकी."

"आणि तुझो आवाज गेलो नाय?"

"नाय."

आज मी त्यांना कारण सांगू शकेन. अजून गेलेलो नाही.