पायऱ्यांखालची लेखिका

शेताच्या फेरफाराच्या कामासाठी मी दर सोमवारी गोरेगावच्या तहसील कार्यालयात जात असे. पायऱ्यांखाली ती अपंगांच्या तीनचाकी सायकलवर बसलेली असे. मांडीवर झोपलेली मुलगी, हातात वही. इमारतीला रॅम्प हवा, हा तिचा अर्ज तहसीलदार साहेबांनी खाली येऊन घ्यावा, एवढाच तिचा हट्ट.

"शिपाई उचलून नेतील," मी म्हणालो.

"नोका जी, बाबाजी. आज मले उचलतीन, उद्या दुसरीले कोन उचलन?"

"वहीत काय?"

"कथा. पोरगी झोपली का लिवून घेतो."

एका सोमवारी साहेब खरोखरच खाली उतरले. तिने ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला, साहेब. दोन वळी रायल्या."

साहेब उन्हात उभे राहिले. वाक्य पूर्ण करून तिने अर्ज पुढे केला.

या आठवड्यात रॅम्पसाठी गिट्टी येऊन पडली आहे.