मोन्शाकसाठी स्थळ

बेकमिर्झानं तिसऱ्या माणसालाही नकार दिला, तेव्हा आल्माटीतल्या त्या पाचमजली इमारतीखाली बाकावर बसणाऱ्या बायकांनी हात टेकले. "दीड वितीची कुत्री," त्या म्हणाल्या, "आणि हा चौकशा अशा करतोय, जशी लेक उजवायचीय!"

त्यांचं काही खोटं नव्हतं. मोन्शाक सात वर्षांची टॉय टेरियर, अंगानं मांजरीहून बारीक, पण तोरा असा की इमारत तिच्याच नावावर आहे. मोन्शाक म्हणजे मणी. हे नाव बेकमिर्झाच्या बायकोनं, कुल्याशनं ठेवलेलं. कुल्याश गेल्या वर्षी वारली आणि तिच्या मागे त्या घरात हे दोघंच उरले. आता त्यांचीही ताटातूट व्हायची होती, आणि त्याला कारण बेकमिर्झाचे हात.

याच हातांनी त्यानं बाजारातल्या सलूनमध्ये उभा जन्म वस्तरा चालवला. अर्ध्या आल्माटीच्या हनुवट्या त्याला पाठ होत्या. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा थरथरला. कापलं काही नाही, गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही, पण बेकमिर्झानं वस्तरा पुसला आणि खणात ठेवला तो कायमचा. त्यानंतर थरथर वाढतच गेली. चहा कपापेक्षा बशीत जास्त, शर्टाची बटणं शेजारणीकडून लावून घ्यायची पाळी. कारागांदाहून लेक लाझ्झात रोज फोनवर मागे लागली, थंडीच्या आत आमच्याकडे या. तिच्या पोराला दमा होता आणि डॉक्टरनं घरात केसाळ जनावर ठेवायला साफ मनाई केली होती.

"कुत्रीची सोय लागल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही," बेकमिर्झानं सांगितलं.

"अहो बाबा, द्या की कुणालातरी."

"कुणालातरी म्हणजे कुणालाही नव्हे."

पहिल्या जोडप्याला रांगत्या बाळासाठी खेळणं हवं होतं. दुसरी बाई पिल्लं विकायला बघत होती. मोन्शाकचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर चहासुद्धा न संपवता उठली. तिसरा म्हणाला, "चावली तर एक ठेवून देऊ, सुधारेल." त्याला बेकमिर्झानं स्वतः दार उघडून दिलं.

चौथी नेल्ली अर्काद्येव्ना. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, दोन रस्ते पलीकडे राहणारी, आवाज असा की पलीकडच्यानं आपोआप ताठ बसावं. तिची स्वतःची म्हातारी कुत्री वसंतात गेली होती. बेकमिर्झानं तिला सगळं सांगितलं, अगदी लपवण्यासारखंही. ही पाठीमागून उचललं की चावते. एकटी ठेवली की गालिचा ओला करते. घशाची नळी नाजूक आहे, गळ्यात पट्टा घातला की खोकून खोकून जीव घाबरा होतो, म्हणून छातीचाच पट्टा.

"आणखी?" नेल्लीबाईनं विचारलं.

इतकं ऐकून बाकीचे उठून गेले असते. ही आणखी विचारत होती. तो तिच्या घरी जाऊन आला, बाल्कनीच्या गजांतून मोन्शाक निसटेल का ते बघून आला, आणि नेल्लीबाईनं दुसऱ्याच दिवशी तिथं जाळी मारून घेतली. ठरलं, शनिवारी कुत्री तिच्याकडे जायची, आठवडाभर राहून बघायची. बेकमिर्झानं शब्द दिला. कुल्याश गेल्यानंतर त्या रात्री तो पहिल्यांदा शांत झोपला.

शुक्रवारी निरोपाचं जेवण होतं. जवळच्या तालगारहून थोरली बहीण रिस्ती आली, तिथंच राहणारा तिचा मुलगा कुआंदिक आला, इमारतीतली चार माणसं आली. ताटं भरून मांस, वर पातळ पोळीचे तुकडे, बाऊरसाकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग, दुधाचा चहा. रिस्ती रडली, मग जेवली, मग पुन्हा रडली. मोन्शाक टेबलाखाली बेकमिर्झाच्या पायावर बसून होती. तेवढ्यात कुआंदिकनं हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, जियेन म्हणून मागतोय."

रिस्तीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

जियेन म्हणजे बहिणीचा मुलगा. त्यानं आजोळी येऊन काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं, आणि असं तीनदा तो मागू शकतो. कुआंदिकनं लहानपणी एक शिंगरू मागून नेलं होतं, विशीत मामाची मोटरसायकल. "तिसरं मी राखून ठेवलं होतं," तो हसत म्हणाला. "ही छोटी मला द्या. तुम्हाला घर हवंय ना तिला? माझ्या साहेबाच्या बायकोला अश्शीच हवीय. रविवारी तिचा वाढदिवस आहे, फीत बांधून देतो. बघा माझी बढती कशी होते ते!"

"वाढदिवस रविवारी," बेकमिर्झा म्हणाला. "तोवर?"

"तोवर आमच्या अंगणात. कुत्राच आहे मामा, कुठं ठेवायचा म्हणता, दिवाणखान्यात?"

कुआंदिकच्या अंगणात जोलबारिस होता, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अलाबाई, लांडग्याशी झुंजायला मेंढपाळांनी घडवलेली जात, डोकं घमेल्याएवढं. बेकमिर्झानं टेबलाखाली दोन्ही पाय मोन्शाकभोवती जवळ घेतले. पण सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या हातांकडे बघत होती. जियेनला रिकाम्या हातानं परत पाठवणाऱ्या मामाचे हात थरथरू लागतात असं तिथं मानतात. रिस्तीनं नजर खाली वळवली. बेकमिर्झाला वाटलं, ही सगळी मनात म्हणतायत की यानं पूर्वी कधीतरी भाच्याला दुखावलं असणार. आणि त्या लाजेपोटी शब्द तोंडातून गेला.

"घेऊन जा."

कुआंदिकनं मोन्शाकला पाठीमागूनच उचललं. ती त्याच्या अंगठ्याला चावली. "तिखट आहे!" तो खदखदून हसला, तिला कोटाच्या आत कोंबलं आणि गेला. छातीचा पट्टा, गादी, औषधं, सगळं खुंटीपाशी तसंच राहिलं. बेकमिर्झा दारात उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो भ्याला होता, मोन्शाकसाठीही आणि लोकांनाही, आणि लोकांची भीती वरचढ ठरली.

शनिवारी दुपारी नेल्लीबाई नवी लोकरी गादी काखेत मारून हजर झाली. बेकमिर्झानं मान खाली घालून सगळं सांगितलं, जियेनचं मागणंही समजावलं. तिनं काखेतली गादी खुर्चीवर आपटली.

"माझ्या बाल्कनीचे गज तुम्ही बोट घालून तपासलेत," ती म्हणाली. "मला विचारलंत, रात्री उठता का, तापट आहात का, मेलात तर कुत्री कोण बघेल. मेलात तर! मी उत्तर दिलं. आणि त्या दांडगटाला एक प्रश्न नाही?"

"बहिणीचा मुलगा आहे तो."

"असू दे. शब्द आधी कुणाला दिला होतात?"

बेकमिर्झानं वर पाहिलं. मग खुंटीवरचा छातीचा पट्टा काढला आणि टोपी घातली.

आधी फोन लावून बघितला, कुआंदिक उचलेना. दोघांची मिनीबस तालगारच्या रस्त्याला लागली तर पुढं बाजारची गर्दी. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. कुआंदिक संध्याकाळी फाटक लावून जोलबारिसची साखळी सोडतो, ही गोष्ट रिस्तीच कौतुकानं सांगायची. दिवस कलत होता. बेकमिर्झा ड्रायव्हरच्या मानेकडे बघत मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होता, आणि नेल्लीबाई त्या उघड घालत होती.

ते पोचले तेव्हा फाटक आतून लावलेलं. आतून मोन्शाकचा आवाज नाही. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बेकमिर्झानं फाटकावर मुठी आपटल्या, तर आत एकदाच, खोल, जोलबारिस भुंकला.

कुआंदिकच्या बायकोनं दार उघडलं. "मामा? अहो, जपून, कुत्रा आत्ताच सोडलाय."

"आमची कुठाय?"

"तिथं, झाडाखाली. घरात मी घेत नाही बाई, नमाजाची जागा आहे." पण बोलता बोलता तिचाही चेहरा पडला. "काल रात्री गाडीतच ठेवली होती. आज हे म्हणाले, पाटीखाली ठेवलीय, काही होत नाही."

अंगणाच्या टोकाला सफरचंदाच्या झाडाखाली एक लोखंडी जाळीची पाटी पालथी घातलेली होती आणि जोलबारिस तिच्याभोवती फिरत होता. घाई नाही, राग नाही. नाकानं पाटी ढकलायचा, ती वीतभर सरकायची, पुन्हा ढकलायचा. पाटीखालून घरघर ऐकू येत होती, कुत्र्याच्या गुरगुरण्यासारखी नव्हे, दम्याच्या माणसासारखी. गळ्यात पट्टा होता आणि पट्ट्याची दोरी झाडाला. पाटी सरकली की दोरी आवळत होती.

बेकमिर्झा चालत निघाला. धावायचं नाही एवढं त्याला कळत होतं. कुल्याशला आवडणारं जुनं गाणं तो बेसूर पुटपुटत राहिला, मोन्शाकच्या कानी ओळखीचा आवाज पडावा म्हणून. जोलबारिसनं डोकं वळवलं आणि त्याच्या नि पाटीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मामा, हलू नका!" पडवीतून कुआंदिक ओरडला. तो अनवाणीच धावत आला, कुत्र्याच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून मागे रेलला. घमेल्याएवढं डोकं पुढं ओढ घेत होतं, कुआंदिकच्या टाचा मातीत घासत होत्या. "लवकर! मला फार वेळ धरवणार नाही!"

बेकमिर्झानं पाटी उलटली. मोन्शाकची जीभ निळसर झाली होती. त्यानं पट्ट्याच्या बकलाला हात घातला, आणि हात थरथरले. बोटं बकलावरून घसरली, पुन्हा घसरली. ज्या बोटांनी गळ्यावरचा केसन् केस टिपला, त्यांना एक बकल सुटेना. तो रडू लागला. "सुटत नाही," तो म्हणाला, "नेल्ली, सुटत नाही गं!"

नेल्लीबाई केव्हाच त्याच्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसली होती. तिनं बकल सोडलं. मग समोरून, मोन्शाकला दिसेल असा हात पुढं केला, छातीखाली घातला आणि उचललं. मोन्शाकनं एकदा भलामोठा श्वास ओढला आणि तिच्या कोटात तोंड खुपसलं. चावली नाही.

जोलबारिस पुन्हा साखळीला लागल्यावर कुआंदिक धापा टाकत आला. अंगठ्याला फडकं, कपाळावर घाम. भीती ओसरली तसा त्याचा तोरा परत आला. "मामा, जियेननं मागून नेलेलं परत न्यायला आलात? उद्या आईला काय सांगू? अशानं हात थरथरतात, तुम्हीच सांगायचात."

बेकमिर्झानं दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले. "बघ. आणखी किती थरथरणार आहेत? याची भीती मला घालू नकोस बाळा, ती काल घातलीस आणि मी फसलो." मग आवाज खाली आला. "ऐक. मी शब्द या बाईला आधी दिला होता. काल तुला दुसऱ्याची वस्तू दिली. ते देणं झालंच नाही. चूक माझी, तुझी नव्हे."

कुआंदिकनं झाडाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. "म्हणजे माझं तिसरं मागणं अजून शिल्लक?"

"शिल्लक."

"मग ठीक," तो म्हणाला आणि नाक ओढलं. "मला वाटलं पाटीखाली सुखरूप राहील, मामा. खरंच वाटलं." त्यानं स्वतःच्या गाडीनं दोघांना आल्माटीत आणून सोडलं आणि वाटेत साहेबाच्या बायकोसाठी फुलदाणी घेतली.

मोन्शाक त्या संध्याकाळी नेल्लीबाईकडे गेली. बेकमिर्झानं गादी दिली, औषधं दिली, कुल्याशचा एक न धुतलेला स्वेटर दिला. "आठवडाभर बघा. नाही जमलं तर मला फोन. तिसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही. मी अजून तिकीट काढलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी फोन आला, खात नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, दारापाशी बसून आहे. बेकमिर्झानं टोपी घातली. "येऊ नका," नेल्लीबाई म्हणाली. "आलात तर ती पुन्हा पहिल्यापासून वाट बघायला लागेल."

"उपाशी मरेल ती!"

"मरणार नाही. मी पण तिच्याबरोबर जमिनीवर बसलेय. माझी पाठ मोडलीय, पण बसलेय."

तो टोपी घालूनच घरात येरझारा घालत राहिला. बांधलेल्या खोक्यांमध्ये त्याला कुठं बसवेना. त्यानंतर फोन आला नाही, आणि त्यानंही केला नाही. न करणं त्याला वस्तरा खाली ठेवण्याहून अवघड गेलं.

मग आठवडा संपताना नेल्लीबाईचा निरोप आला, या आता.

तो गेला. जिन्यात थांबून श्वास घेतला, घंटा वाजवली. आतून मोन्शाक भुंकली, तारस्वरात, न थांबता, नखं फरशीवर खरडत. परक्या माणसानं दार वाजवलं की ती अशीच भुंकायची, कोण रे तू, माझ्या घराशी काय काम? बेकमिर्झा घंटेवरचा हात काढून तिथंच उभा राहिला. त्याला आनंद झाला, तरी जिन्याचा कठडा धरावा लागला.

दार उघडलं. मोन्शाकनं वास घेतला, अंगभर हलली, त्याच्या नडग्यांवर उड्या मारल्या, हात चाटले. मग वळून आत निघाली, दोन पावलं गेली आणि तो येतोय की नाही हे बघायला थांबली.

"या ना," नेल्लीबाई म्हणाली. "दारात काय उभे?"

बेकमिर्झानं बूट काढले, ते दारापाशी नीट जोडून ठेवले आणि पाहुण्यासारखा आत गेला.