लेकीची रजा आणि माझा जळफळाट

सगळ्यात आधी दारातून आत आला जावयांचा लॅपटॉप, मागून जावई, आणि मग नात धावत येऊन गळ्यातच पडली! अमेरिकेतली लेक आज भावाकडे, म्हणजे आमच्या सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या घरी आली हो. मी पुरणाला डाळ घातली, तर म्हणते, "आई, परवा निघायचंय."

तिकडे म्हणे आजारपण आणि सुट्टी एकाच रजेतून जातात. नातीला ताप आला, त्यात माझ्या वाटचे दिवस संपले.

खालच्या शैलाताईंचा मुलगा इथेच नोकरीला. त्याची आजारपणाची रजा वेगळी, म्हणून आईला बाली फिरवून आणलं. वर शैलाताई मला विचारतात, "लेक दोनच दिवसांसाठी आली?" जळते मी, खोटं कशाला बोलू?

तुमच्या लेकींचंही असंच का गं?

आता देवाला सांगितलंय, तिकडे कुणाला शिंकसुद्धा येऊ देऊ नकोस. भाऊबीजेला येते म्हणालीय.