काळ्या कडांचं साल

यंग्सटाउनमध्ये आमच्या चर्चमागच्या हॉलात महिन्यातून एका रविवारी बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली जुनी कार्डं विकायला मांडतात. तिथे तीस वर्षं हार्वी ड्रोबनीचा शब्द चालला. पोलादाच्या भट्टीवरून निवृत्त झालेला हा धिप्पाड, तिरसट गडी कार्डाची किंमत कधी विचारत नसे, फोटो बघत बसे. त्रेपन्न सालची हाताने रंगवलेली तोंडं दिसली की विरघळायचा. साठच्या दशकातल्या कार्डांवर करवादायचा, "सगळे बॅट खांद्यावर टाकून उभे! खेळायला आलेत की पासपोर्ट काढायला?" एकाहत्तरचं कार्ड हाती आलं की मात्र आवाज खाली यायचा. त्या साली चालू खेळातले फोटो आले, कार्डावर धूळ उडाली नि भोवती काळी कड आली. ती कड जरा घासली तरी पांढरी पडते. मग लबाड लोक तिला मार्कर फासतात. हार्वी कार्ड आडवं धरून पुठ्ठ्याच्या जाडीत शाई उतरलीय का ते बघायचा आणि निकाल द्यायचा.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्याने ते फक्त मला सांगितलं.

"डेल्बर्ट, तोंडातून अवाक्षर काढलंस तर बघ! हॉलमध्ये कळलं तर मी कोण उरलो? पिरोगी हादडणारा एक जाड्या."

"तो तू आत्ताही आहेस," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याला असा घाबरलेला बघून मीही टरकलो आणि नको त्या गोष्टीला हो म्हणून बसलो. शेजारी बसून कार्ड मी बघायचं आणि टेबलाखाली त्याच्या पायाला पाय लावायचा. एकदा लावला तर अस्सल, दोनदा लावला तर शाई.

माझी नजर काही त्याची नव्हे. फेब्रुवारीत हॉलात नेहमी येणाऱ्या मिलान हलावटीने दाखवलेल्या एकाहत्तरच्या कार्डाची मला शंका आली होती. पण मागे रांग होती, हार्वीला घाम फुटला होता. मी एकदाच पाय लावला. मिलानने खुशीत ते विकत घेतलं.

मे महिन्यात मिलानची बायको डोरीन ते कार्ड घेऊन आली. तो एप्रिलमध्ये वारला होता.

"हार्वी, क्लीव्हलंडचा दुकानदार म्हणतो शाई आहे. मिलानच्या उशाशी होतं रे हे शेवटपर्यंत. तूच पास केलं होतंस. परत बघ."

हार्वीने कार्ड दिव्याखाली आडवं धरलं. करड्या पुठ्ठ्यात काळं झिरपलेलं मला लख्ख दिसलं. हार्वी माझ्या पायाची वाट बघत होता. माझा पाय उचलेना. आजूबाजूचे लोक टेबलाजवळ सरकले.

हार्वीने कार्ड खाली ठेवलं. "डोरीन, मला नोव्हेंबरपासून दिसत नाही. फेब्रुवारीत न बघताच पास केलं. चूक माझी."

माझं नाव त्याने घेतलंच नाही. डोरीन माझ्याकडे वळली. "तू सांग, डेल्बर्ट."

या हॉलात यापुढे कोणी माझ्याशी बोलेल का, एवढंच डोक्यात होतं.

"शाई आहे," मी म्हटलं. "फेब्रुवारीतही होती. तेव्हा कार्ड मी बघितलं होतं. शंका आली, तरी गप्प बसलो."

टेबलाखाली हार्वीचा पाय माझ्या पायाला लागला. एकदाच.